डोंगराची स्वतःची उंची किती?

जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर कोणतं, असं वर्गात विचारलं तर निम्मे हात तरी वर जातील. के-टू, ८,६११ मीटर. उत्तर अगदी बरोबर. पण डोंगरांची आणखी एक यादी आहे. तिच्यातही पहिला नंबर एव्हरेस्टचाच आहे, दुसरा मात्र अर्जेंटिनातल्या आकोंकाग्वाचा. त्याची उंची ६,९६१ मीटर, म्हणजे तो के-टूपेक्षा दीड हजार मीटरहूनही जास्त बुटका. तिसरं अलास्कातलं डेनाली, चौथं आफ्रिकेतलं किलिमांजारो. के-टू शोधायला यादीत बाविसाव्या क्रमांकापर्यंत खाली यावं लागतं. आणि उंचीनुसार जगात चौथं असलेलं ल्होत्से? ते पहिल्या दीड हजार शिखरांतही सापडत नाही.

ही यादी करणाऱ्यांचं गणित चुकलेलं नाही. त्यांनी डोंगराला वेगळा प्रश्न विचारला आहे. ‘तू समुद्रापासून किती वर आहेस?’ हा आपला नेहमीचा प्रश्न. त्यांचा प्रश्न असा: ‘तुझ्याहून उंच असलेल्या डोंगराकडे जायचं झालं, तर तुझ्यावरून किती खाली उतरावं लागेल?’ या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला प्रॉमिनन्स म्हणतात. मला हा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, कारण त्याचं उत्तर शोधताना एका डोंगरासाठी कधीकधी आख्खा खंड पालथा घालावा लागतो.

आधी नेहमीच्या उंचीबद्दल थोडं बोलू. पुस्तकात दिलेली डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे म्हणजे बारी गावातून निघालेला माणूस १,६४६ मीटर चढतो असं नाही. बारी गाव स्वतःच समुद्रापासून बरंच वर आहे. समुद्राची पातळी हा सगळ्या जगाने मान्य केलेला शून्य आहे आणि तो फार कामाचा आहे. तो नसता तर हिमालयातल्या शिखराची आफ्रिकेतल्या शिखराशी तुलनाच करता आली नसती. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेलं भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण हाच शून्य धरून उत्तरेकडे सरकत गेलं. १८५२ मध्ये राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने ‘शिखर क्रमांक १५’ची आकडेमोड केली आणि ते जगात सर्वांत उंच असल्याचं दिसून आलं. तेच आजचं एव्हरेस्ट. नेपाळ आणि चीनने २०२० मध्ये जाहीर केलेली त्याची उंची ८,८४८.८६ मीटर आहे.

पण समुद्राचा शून्य एका ठिकाणी अपुरा पडतो. एक शिखर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे त्याला सांगता येत नाही.

ही अडचण कळण्यासाठी १९५३ सालचा एव्हरेस्ट बघा. २६ मे रोजी टॉम बोर्डिलॉन आणि चार्ल्स इव्हान्स हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरावर पोहोचले. मुख्य शिखर समोर दिसत होतं. पण उशीर झाला होता, प्राणवायूच्या उपकरणांची अडचण होती, आणि ते तिथूनच परत फिरले. तीन दिवसांनी, २९ मेला, तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी मुख्य शिखरावर उभे राहिले.

आता दक्षिण शिखराची उंची पाहा: सुमारे ८,७५० मीटर. के-टूपेक्षा जवळजवळ १४० मीटर जास्त! मग जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर हेच व्हायला नको का? बोर्डिलॉन आणि इव्हान्स यांनी जगातला दुसरा सर्वांत उंच डोंगर सर केला, असं मात्र कुणीही म्हणत नाही. कारण दक्षिण शिखरावरून मुख्य शिखराकडे निघालं की जेमतेम दहा-बारा मीटर उतरायचं आणि लगेच पुन्हा चढ लागतो. ते एव्हरेस्टचंच अंग आहे.

गणपतीच्या मिरवणुकीत बाबांच्या खांद्यावर बसलेल्या चार वर्षांच्या मुलीचं डोकं आजूबाजूच्या सगळ्या मोठ्या माणसांच्या वर असतं. म्हणून ती त्यांच्याहून उंच झाली का? तिची स्वतःची उंची सांगायची तर खांद्यापासून वरचाच भाग धरावा लागेल. डोंगराच्या बाबतीत हा खांदा नेमका कुठे आहे, ते शोधून काढण्याची रीत म्हणजे प्रॉमिनन्स.

रीत अशी आहे. मनातल्या मनात एका शिखरावर उभे राहा. तिथून तुम्हाला त्याहून उंच असलेल्या कुठल्याही जागी चालत जायचं आहे. वाट तुम्हीच निवडायची. कितीही लांबची निवडा, वर्षभर चालावं लागलं तरी हरकत नाही. अट एकच: वाटेत जितकं कमी खाली उतरता येईल तितकं कमी उतरायचं. अशा सगळ्यांत चांगल्या वाटेवर जी सर्वांत खालची जागा येईल, तिला आपण कळीची खिंड म्हणू. शिखराच्या उंचीतून कळीच्या खिंडीची उंची वजा केली की झाला प्रॉमिनन्स.

आकडे घालून बघू. १,२०० मीटरचा अ डोंगर आणि १,००० मीटरचा ब डोंगर शेजारी शेजारी आहेत. ब वरून अ कडे जायला दोन वाटा आहेत. पहिली सरळ दरीत उतरते, ओढा ओलांडते आणि समोरच्या अंगाने चढते. ओढ्यापाशी उंची ५०० मीटर. दुसरी वाट लांबची आहे. ती डोंगराच्या धारेवरूनच जाते आणि मधल्या खिंडीत ७०० मीटरपर्यंतच खाली येते. आपल्याला कमी उतरायचं आहे, म्हणून दुसरी वाट धरायची. ब चा प्रॉमिनन्स १,००० वजा ७००, म्हणजे ३०० मीटर. दरी कितीही खोल असली तरी तिचा इथे संबंध येत नाही.

दरी मोजायची नाही, दोन डोंगरांना जोडणारी जमीन मोजायची. बहुतेकांचा गोंधळ होतो तो इथेच, म्हणून एक प्रयोग सांगतो. दिवाळीत किल्ला करता, तेव्हा उरलेल्या मातीचे दोन डोंगर एका मोठ्या घमेल्यात करा. एक उंच, एक जरा बुटका, आणि मध्ये दोघांना जोडणारी धार. माती चांगली थापून घ्या. मग एका कडेने हळूहळू पाणी सोडा. पाणी आधी खोलगट भागात भरेल. मग चढत चढत मधल्या धारेच्या सगळ्यांत खालच्या जागेपाशी येईल. ती जागा बुडेल त्या क्षणी पाणी थांबवा. इतका वेळ दोन्ही शिखरं एकाच बेटावर होती, आता बुटका डोंगर स्वतःचं वेगळं बेट झाला आहे. पाण्याच्या वर त्याचा जेवढा भाग उरला, तेवढा त्याचा प्रॉमिनन्स. पट्टी धरून मोजा. उंच डोंगराच्या भोवतीचं पाणीही तेवढंच चढलं आहे, पण त्याचं बेट कधीच दुसऱ्याच्या ताब्यात नव्हतं, कारण त्या घमेल्यात त्याच्याहून उंच कुणीच नाही.

नकाशावर हेच काम समोच्च रेषा करतात. भूगोलाच्या पुस्तकात त्या पाहिल्या असतील: समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या तपकिरी रेषा. शिखराभोवती त्यांचे वेढ्यांवर वेढे दिसतात. सर्वांत आतल्या वेढ्यापासून एकेक वेढा बाहेर येत जा. प्रत्येक वेळी बघा, या वेढ्यात आपल्या शिखराहून उंच दुसरं शिखर आलं का? नाही आलं तर पुढच्या वेढ्याकडे जा. ज्या वेढ्यात पहिल्यांदा उंच शेजारी आत येतो, त्याच्या आणि त्याच्या आधीच्या वेढ्याच्या मध्ये कुठेतरी कळीची खिंड आहे. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेला दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर असेल, तर तुमचं उत्तर जास्तीत जास्त २० मीटरने चुकेल. शाळेतल्या स्थलनिर्देशक नकाशावर एक पेन्सिल घेऊन हे सहज करता येतं.

आता खिंडीकडे नीट लक्ष देऊ. खिंड ही दोन माणसांना दोन तऱ्हांनी भेटते. धारेवरून एका डोंगराकडून दुसऱ्याकडे चालणाऱ्यासाठी ती वाटेतली सर्वांत खालची जागा असते. पण धार आडवी ओलांडून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणाऱ्यासाठी तीच सर्वांत वरची जागा असते. म्हणून तर घाटरस्ते शिखरावरून न जाता खिंडीतून जातात.

काश्मीरमधली झोजी ला ही खिंड श्रीनगरहून लेहला जाताना लागते. तिची उंची साधारण ३,५०० मीटर. ट्रकचालकाला विचारलं तर तो सांगेल, केवढी भयंकर चढण! पण एखाद्या राक्षसाला नंगा पर्वतावरून हिमालयाच्या धारेने पूर्वेकडे चालत यायचं असेल, तर त्याला झोजी ला हा वाटेतला सर्वांत मोठा उतार वाटेल. एका बाजूचं पाणी झेलमला जातं, दुसऱ्या बाजूचं द्रासकडून सिंधूला, आणि या दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवरचं हे सर्वांत खालचं ठिकाण. नंगा पर्वताची कळीची खिंड ती हीच. ८,१२६ मीटरमधून ती वजा केली की साडेचार हजारांहून थोडा जास्त प्रॉमिनन्स मिळतो. उंचीत नंगा पर्वत जगात नववा आहे, के-टू दुसरा. प्रॉमिनन्समध्ये मात्र नंगा पर्वत के-टूच्या पुढे आहे.

के-टूला असं काय आडवं आलं? के-टूहून उंच शिखर जगात एकच, एव्हरेस्ट, आणि ते हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. इतक्या लांब जाताना खूप उतरावं लागेल असं कुणालाही वाटेल. के-टूच्या आसपास खोल दऱ्याही आहेत. स्कार्दूजवळ सिंधू नदी सव्वादोन हजार मीटरच्या आसपास वाहते. पण आपली वाट सिंधूत उतरतच नाही. ती काराकोरमच्या मागच्या अंगाने तिबेटच्या पठारावर येते. हे पठारच सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर आहे. त्यावरून चालत चालत नेपाळमधल्या मुस्तांगच्या उत्तर टोकाला, तिबेटच्या सीमेवर, कोरा ला नावाच्या खिंडीत पोहोचता येतं. ती साधारण ४,६०० मीटरवर आहे. या सगळ्या प्रवासात त्याहून खाली जावं लागत नाही. म्हणून के-टूचा प्रॉमिनन्स ४,००० मीटरच्या किंचित वर. बिचाऱ्या के-टूची उंची कुठेही गेलेली नाही. तिबेटच्या पठाराने त्याच्या आणि एव्हरेस्टच्या मधली जमीन वर उचलून धरली आहे, एवढंच.

आता बोर्निओ बेटावरचं किनाबालू पाहा. मलेशियातल्या या शिखराची उंची ४,०९५ मीटर, के-टूच्या निम्म्याहून कमी. पण ते आख्ख्या बेटावरचं सर्वांत उंच शिखर आहे. त्याहून उंच कुठे जायचं तर समुद्र ओलांडावा लागतो, म्हणजे कळीची खिंड शून्यावर. सगळीच्या सगळी उंची त्याची स्वतःची. प्रॉमिनन्सच्या यादीत किनाबालू के-टूच्या दोन पायऱ्या वर आहे. प्रत्येक बेटावरच्या सर्वांत उंच डोंगराला हा मान आपोआप मिळतो. हवाई बेटांवरच्या मौना केआचंही तसंच. तो समुद्राच्या तळापासून मोजला तर दहा किलोमीटरच्या आसपास भरतो, पण आपण पाणी जिथे आहे तिथेच शून्य धरतो, म्हणून त्याला ४,२०७ मीटर मिळतात.

खंड म्हणजे तरी काय, मोठी बेटंच. आकोंकाग्वाहून उंच शिखर दोन्ही अमेरिकांमध्ये कुठेच नाही. त्याची वाट समुद्रात जाऊन थांबते, म्हणून ६,९६१ मीटरचे ६,९६१ त्याच्या नावावर. डेनालीला मात्र आकोंकाग्वापर्यंत चालत जाता येतं. अलास्कातून निघायचं, कॅनडा, अमेरिका, मेक्सिको असं खाली खाली येत मध्य अमेरिकेच्या चिंचोळ्या पट्टीतून दक्षिणेकडे जायचं. या आख्ख्या वाटेवरची सर्वांत खालची जागा निकाराग्वात आहे, तिथल्या मोठ्या सरोवराच्या परिसरात, समुद्रापासून फक्त पन्नासेक मीटरवर. बर्फात उभ्या असलेल्या डोंगराची कळीची खिंड उष्ण कटिबंधात! ६,१९० मधून तेवढे गेले की ६,१४० च्या आसपास उरतात. किलिमांजारोची खिंड इजिप्तमध्ये सुएझपाशी आहे, जिथे आफ्रिका आशियाला चिकटते. ती इतकी सपाट आणि इतकी खाली आहे की ५,८९५ मधून दहाच मीटर वजा होतात. माणसाने खोदलेला कालवा यात धरत नाहीत, मुळातली जमीन धरतात. युरोपातल्या मों ब्लांची खिंड आल्प्समध्ये नसून दूर रशियाच्या सपाट प्रदेशात आहे.

या खिंडींवर पाटी नसते, आणि तिथे राहणाऱ्या कुणालाही ही आपल्या दाराशी असलेली जमीन कुठल्या डोंगराचा हिशेब ठरवते याची कल्पना नसते. खिंड म्हटलं की दोन्हीकडे कडे आणि मध्ये वारा, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. प्रॉमिनन्सच्या खिंडी पुष्कळदा चक्क शेतात, सरोवराच्या काठी किंवा वाळवंटात असतात.

एव्हरेस्टचं काय, असं तुम्ही विचारणारच. त्याहून उंच कुठेच जायचं नाही, मग खिंड कुठली? म्हणून एव्हरेस्टचा प्रॉमिनन्स त्याच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीइतकाच मानतात. हा सगळ्यांनी मिळून ठरवलेला संकेत आहे.

ल्होत्सेचं कोडंही आता सुटेल. ल्होत्से ८,५१६ मीटर उंच आणि एव्हरेस्टच्या अगदी शेजारी. दोघांच्या मध्ये साऊथ कोल नावाची खिंड आहे, सुमारे ७,९०० मीटरवर. एव्हरेस्टवर नेपाळच्या बाजूने जाणारे गिर्यारोहक शेवटचा तळ तिथेच टाकतात. ल्होत्सेच्या वाट्याला स्वतःचे फक्त ६१० मीटर येतात.

त्याच्या शेजारी केरळचा अनैमुडी ठेवू. पश्चिम घाटातला हा सर्वांत उंच डोंगर इडुक्की जिल्ह्यात, एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात आहे. उंची २,६९५ मीटर, ल्होत्सेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण अनैमुडीहून उंच जागा गाठायची तर थेट हिमालयाकडे जावं लागतं, आणि मधला देश इतका सखल आहे की वाट २०० मीटरच्या जवळपास उतरते. प्रॉमिनन्स २,४७९ मीटर, ल्होत्सेच्या चौपट. निलगिरीतलं दोड्डबेट्टा अनैमुडीच्या जवळच आहे, उंचीतही थोडंच कमी, २,६३७ मीटर. तरी त्याचा प्रॉमिनन्स सव्वादोन हजारांच्या आसपास भरतो, कारण दोघांच्या मध्ये पालघाटचं खिंडार आहे. सह्याद्रीपासून कन्याकुमारीकडे जाणारी डोंगरांची भिंत तिथे एकदम खाली बसते.

ज्या शिखरांचा प्रॉमिनन्स १,५०० मीटर किंवा त्याहून जास्त असतो त्यांना गिर्यारोहक ‘अल्ट्रा’ म्हणतात. जगात असे दीड हजारांच्या आसपास अल्ट्रा आहेत. अनैमुडी आणि दोड्डबेट्टा त्यांत आहेत, ल्होत्से नाही. मला यात न्याय दिसतो. मुन्नारच्या चहाच्या मळ्यांमधून मान वर करून अनैमुडी पाहणाऱ्याला तो जितका मोठा वाटतो, तितका मोठेपणा त्याला या यादीत मिळतो.

मग स्वतंत्र शिखर म्हणवून घ्यायला निदान किती प्रॉमिनन्स लागतो? याचं एकच उत्तर नाही, ज्याने त्याने आपल्या डोंगरांना शोभेल असा आकडा ठरवला आहे. आल्प्समध्ये चार हजार मीटरवरच्या शिखरांची यादी १९९४ मध्ये पक्की केली तेव्हा ३० मीटरची अट ठेवली आणि ८२ शिखरं भरली. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये ३०० फूट धरतात. ब्रिटनमध्ये १५० मीटरची एक लोकप्रिय यादी आहे. आकडा बदलला की शिखरांची संख्या बदलते. कांचनगंगेची चार टोकं ८,४०० मीटरच्या वर आहेत, पण आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांमध्ये कांचनगंगेला एकच जागा आहे. यालुंग कांग हे तिचं पश्चिमेकडचं टोक ८,५०५ मीटर उंच असूनही वेगळं मोजत नाहीत.

प्रॉमिनन्स सगळं सांगत नाही, हेही लक्षात ठेवा. लोणावळ्याजवळची नागफणी, म्हणजे ड्यूक्स नोज, खाली कोकणातून पाहिली तर छातीत धडकी भरवणारा कडा दिसतो. त्याच नागफणीवर कुरवंडे गावाकडून गेलं तर घाटमाथ्यावरून थोडासा चढ चढून माथ्यावर पोहोचता येतं. प्रॉमिनन्स फक्त या मागच्या, सोप्या बाजूकडे बघतो, कारण कमीत कमी उतरायची वाट तीच आहे. कड्याच्या बाजूची सगळी भव्यता त्याच्या हिशेबातून निसटते. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचं मॅटरहॉर्न जगातल्या सर्वांत देखण्या शिखरांपैकी एक. उंची ४,४७८ मीटर. प्रॉमिनन्स हजार मीटरच्या थोडा वर, म्हणजे तो अल्ट्राही नाही. डोंगर चढायला किती अवघड आहे किंवा किती सुंदर आहे, हे या आकड्याला विचारू नये.

पूर्वी हे सगळं काम कागदी नकाशे पसरून, समोच्च रेषांवर बोट फिरवत केलं जाई. एका शिखराची खिंड शोधायला कधी शेकडो नकाशे जोडावे लागत. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या उड्डाणात रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, आणि तो सगळा तक्ता लोकांसाठी खुला झाला. त्यानंतर हे काम संगणकावर आलं. अँड्र्यू कर्मसे आणि जोनाथन डी फेरांटी या दोघांनी २०१७ मध्ये जगातल्या झाडून सगळ्या डोंगरांचा प्रॉमिनन्स काढल्याचं प्रसिद्ध केलं. तुम्ही घमेल्यात केलेला खेळच त्यांचा संगणक करत होता, फक्त आख्ख्या पृथ्वीवर.

शेवटी आपल्या कळसूबाईकडे येऊ, कारण हे गणित तुम्हीच सोडवावं असं मला वाटतं. कळसूबाई महाराष्ट्रातली सर्वांत उंच. तिच्याहून उंच जागा शोधायला राज्याबाहेर जावं लागेल. उत्तरेला राजस्थानात अबूच्या पहाडावर गुरुशिखर आहे, १,७२२ मीटर. दक्षिणेला कर्नाटकात चिकमगळूरजवळ मुळ्ळय्यनगिरी आहे, सुमारे १,९३० मीटर. कुठली वाट धरायची?

इथे एक युक्ती उपयोगी पडते. नदी ओलांडायची म्हटलं की खोऱ्याच्या तळापर्यंत उतरावंच लागतं. म्हणून कमी उतरायचं असेल तर नदी ओलांडायची नाही, दोन नद्यांच्या मधली धार धरायची. पावसाचं पाणी जिथे दोन बाजूंना वाटलं जातं ती धार, म्हणजे पाणलोटाची रेषा. उत्तरेकडे सरळ निघालात तर तापी आणि नर्मदा दोघी आडव्या येतात. दक्षिणेकडे तसं होत नाही. कळसूबाईच्या रांगेवरून घाटमाथ्यावर या, की एका हाताला कोकणात उतरणाऱ्या नद्या आणि दुसऱ्या हाताला गोदावरी, भीमा, कृष्णा यांचं पाणी. मधली सह्याद्रीची धार कोल्हापूर, बेळगाव ओलांडून कर्नाटकात जाते आणि वाटेत एकही नदी ओलांडावी लागत नाही.

भिंतीवरचा महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा त्यासाठी पुरणार नाही. उंचीचे आकडे दाखवणारा, समोच्च रेषांचा नकाशा मोठ्यांच्या मदतीने संगणकावर उघडा. कळसूबाईवर बोट ठेवा आणि धार न सोडता दक्षिणेकडे निघा. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक खिंडीचा आकडा वहीत लिहा. मुळ्ळय्यनगिरीच्या पायऱ्या लागल्या की थांबा, वहीतला सर्वांत लहान आकडा निवडा आणि तो १,६४६ मधून वजा करा.